हंगामाचं पातेलं

"साडेपाचशे," मागून कुणीतरी म्हणालं आणि मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी नुकतंच "पाचशे" म्हटलं होतं, दरवर्षीच्या आवाजात, आणि पर्समधला लिफाफा काढायला हात घातला होता. हे इतकं ठरलेलं असतं की मी कधी शांतवनकडे बघतही नाही. तो पातेलं दोन्ही हातांनी वर धरतो, "आलं, कालिंदीबाईंचं पातेलं आलं" असं ओरडतो, लोक हसतात, मी आकडा बोलते, तो घाईघाईत एक वार, दोन वार, तीन वार म्हणून टाकतो आणि पातेलं परत माझ्या मांडीवर येतं. मग मी ते कापडी पिशवीत घालते आणि टॅक्सीने लालबागला घरी नेते. त्रेचाळीस वर्षं. मधली दोन वर्षं करोनात देऊळ बंद होतं तेव्हा मी ते घरातच टेबलावर ठेवून लिफाफा पाळकसाहेबांकडे पाठवला होता. तर "साडेपाचशे" हा आवाज मला आधी आवाज वाटलाच नाही. कुणी कुणाला भाजीचा भाव सांगतंय असं वाटलं. मग शेजारच्या बेबीने माझं मनगट धरलं तेव्हा कळलं की तो आकडा माझ्या पातेल्यावर लागला होता.

आम्ही जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. आमच्या परळच्या देवळात नोव्हेंबरातल्या एका रविवारी उपकारस्तुतीचा सण असतो. छापील पत्रिकेवर तसं लिहितात, बोलताना सगळे हंगाम म्हणतात. आमचे आजे-पणजे नगरकडून आले. तिकडे पीक निघालं की त्यातलं पहिलं देवापुढे न्यायचं, बाजरीच्या कणसांची पेंढी, कोंबडी, अंडी, माळव्यातली काही भाजी. परळला कुणाचं शेत? पण रीत सुटली नाही. मग कुणी लोणच्याची बरणी आणतं, कुणी केक, कुणी क्रोशाचा रुमाल, कुणी मंडईतून लाल भोपळा उचलतं. उपासना झाली की अंगणात मांडवाखाली त्या सगळ्याचा लिलाव. आणलेलं देवाचं झालं, आता ज्याला हवं त्याने बोली लावून न्यावं. शांतवन बोली पुकारतो, त्याच्या आधी त्याचे वडील पुकारत. तो चाळीस रुपयांचा भोपळा चारशेला विकू शकतो, असा त्याचा गळा आणि अशी त्याची जीभ. पण आता तो पातेलं धरून नुसता उभा होता.

"साडेपाचशे," तो म्हणाला. "कोण बोललं? ताई, तुम्ही नवीन का मंडळीत?"

"हो," बाईचा आवाज आला. तरुण आवाज. "जूनमध्ये आलो आम्ही. वडाळ्याला राहतो."

"छान, छान. तसं नाही, पण हे पातेलं म्हणजे ताई, जरा त्याचं असं आहे..."

"अरे, तू लिलाव कर," बेबी ओरडली. "इतिहास काय सांगतोयस?"

लोक हसले. तेव्हा मी मागे पाहिलं. नळाजवळ उभी होती, तीस-बत्तीसची, साधा पंजाबी ड्रेस, केसांना रबरबँड. शेजारी तिचा नवरा, तो तिच्याकडे पाहत होता आणि त्याला ती थोडी गप्प बसली तर बरं असं वाटत होतं. मी "सहाशे" म्हटलं. ते मी ठरवून म्हटलं नाही. चालत्या बसमध्ये तोल गेला की हात दांडीकडे जातो तसं तोंडातून गेलं. आणि ती लगेच म्हणाली, "साडेसहाशे."

लिफाफ्यात पाचशे होते. पण पर्सच्या आतल्या कप्प्यात चेनखाली आणखी दोन हजार होते आणि ते तिथे असतातच. मी पस्तीस वर्षं नर्स होते. ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये एक जास्तीची गुंडाळी, खिशात एक जास्तीची कात्री, घरी एक जास्तीचा दिवा. अनुजा, माझी मुलगी, लहानपणी म्हणायची की आई देवाकडेसुद्धा सुटे पैसे घेऊन जाते. दशांश मी कधी चुकवला नाही. पगार हातात आला की पहिला लिफाफा देवाचा, आणि आता पेन्शनीतून तसंच. एकदा न्यूमोनियाने पडले होते तेव्हा अनुजाला माहीमहून बोलावून लिफाफा देवळात पोचवायला लावला होता. लोक मला विश्वासू म्हणतात. मागच्या पाळकसाहेबांनी तर एका हंगामाला उपदेशात माझं पातेलं घेतलं होतं. भांडं एक, पण दान कितीदा, असं काहीसं म्हणाले होते, आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं होतं. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली असेल. मला फक्त आत्याबाईंची पाठ दिसत होती, चुलीकडे तोंड करून बसलेली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, जाईबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. पातेलं त्यांचं. पितळेचं, जाड बुडाचं, पंचवीस माणसांचा भात होईल एवढं, आणि काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं, चि. जाईबाई हिस आईकडून. साल आहे, पण शेवटचा आकडा घासला गेला आहे. आत्याबाई गिरगावातल्या एका प्रसूतिगृहात आया होत्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण ते नाव त्या बोटाने वाचत. भांडं घासताना बोट त्या टिंबांवरून फिरलं की म्हणत, "हे जा, हे ई." तांदूळ धुताना पाणी नावाच्या खाली ठेवायचं, ते त्यांचं माप. रविवारी उपासनेनंतर आमच्या लालबागच्या खोलीत नगरकडचं कुणी ना कुणी जेवायला असायचंच, नोकरी शोधायला आलेलं, दवाखान्याला आलेलं, नुसतं आलेलं. तेव्हा ते पातेलं निघायचं. मी नवी सून होते तेव्हा मला त्या पातेल्याचा राग यायचा. ते निघालं की कळायचं, आज आपल्याला सर्वांत शेवटी.

मग ब्याऐंशीचा संप आला. माझे यजमान, मनमोहन, कापडाच्या मिलमध्ये विणकाम खात्यात होते. जानेवारीत संप लागला, आणि चाळीतले लोक आधी हसत होते, सुट्टी लागल्यासारखे गॅलरीत कॅरम खेळत होते. मे महिन्यात शेजारचा रघु बायकोला घेऊन मालवणकडे निघून गेला. जाताना म्हणाला, "मनमोहन, पाऊस इलो काय भात लावतलो, तू पण खंय तरी जा." आम्हाला जायला गाव नव्हतं. नगरची जमीन कधीची गेली होती. आम्ही इथेच राहिलो, मी, हे, सहा वर्षांची अनुजा, आत्याबाई, आणि यांचा धाकटा भाऊ, तोही मिलमधलाच. पगार एकटीचा, माझा. मी तो आत्याबाईंच्या हातात द्यायची कारण घर त्या चालवत. आणि त्या काय करत? मी बाजारासाठी दिलेल्या पैशांतून पहिल्यांदा थोडे काढून पदराच्या गाठीत बांधत. देवाचे. मी माझा दशांश आधीच काढलेला असायचा, त्यावर हा दुसरा.

"आत्याबाई, देवाला भाजी आणायची आहे का?" मी एकदा म्हटलं. मला ते वाक्य अजून ऐकू येतं, त्यातला खवट आवाजसुद्धा.

"त्याला काय नगं," त्या म्हणाल्या. "मला द्यायचं हाय."

त्या वर्षी मोडवाला आठवड्यातून दोनदा यायचा. चाळीतल्या घराघरातून हंडे, कळश्या, समया गेल्या. आमच्याकडचंही सगळं गेलं, पातेलं तेवढं राहिलं. मी मनात ठरवून ठेवलं होतं की अनुजाच्या फीला पैसे कमी पडले की पातेलं मोडायचं. हे ठरवल्यावर मला जरा झोप लागायला लागली होती. कपाटावर काहीतरी आहे, अगदी शेवटचं, याचा आधार असतो. नोव्हेंबर आला. हंगामाच्या रविवारी सकाळी मी ड्यूटीवरून परस्पर देवळात गेले, आणि वेदीपुढे भोपळे आणि केळ्यांच्या मध्ये ते पातेलं होतं. चिंचेने घासलेलं, पिवळंधमक. आत्याबाई पुढच्या चटईवर बसल्या होत्या, हात मांडीवर, काही विशेष केल्यासारखा चेहरा नाही. मला त्या संपूर्ण उपासनेतलं एक अक्षर ऐकू आलं नाही. लिलावाला शांतवनच्या वडिलांनी ते वर धरलं आणि एका रेल्वेतल्या गृहस्थांनी तीस म्हटलं. माझ्याकडे अनुजाच्या फीचे पंचेचाळीस रुपये होते, युनिफॉर्मच्या आतल्या खिशात. मी उभी राहिले आणि त्या सगळ्या पंचेचाळीसांची बोली लावली. परळ ते लालबाग आम्ही चालत आलो, पातेलं माझ्या कमरेवर. घरात मी ते त्यांच्यापुढे ठेवलं, म्हटलं, "घ्या तुमचं." त्यांनी हातही लावला नाही.

"माझं मी दिलं," त्या म्हणाल्या. "हे आता तुजं हाय."

एवढंच. आणि चुलीकडे वळल्या. त्यानंतर सात वर्षं जगल्या, पण त्या पातेल्यात त्यांनी पुन्हा भात केला नाही. पाहुण्यांचा भात ॲल्युमिनियमच्या दोन टोपांत व्हायचा. मीही नाही केला. कसा करणार, ते भांडं कपाटावर बसून माझ्याकडे बघायचं. त्या ख्रिसमसच्या आधी मंडळीने हंगामाच्या पैशांतून संपातल्या घरांना धान्य वाटलं, आमच्या दारातही ज्वारीची आणि तांदळाची पोती आली. आत्याबाईंनी डोळे मिटून आभार मानले. मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, हे माझेच पंचेचाळीस रुपये परत आले. पंचेचाळीस रुपयांत एवढं धान्य येत नव्हतं हे मला कळत होतं. तरी मी तेच म्हणत राहिले, कितीतरी वर्षं. अनुजाची फी शाळेने पुढे ढकलली, तेही मी हेडबाईंना जाऊन भेटले म्हणून झालं असंच धरून चालले. माझ्या आयुष्यात देवाने जे जे केलं त्याच्या खाली मी माझी सही करत आले.

पुढच्या हंगामाला मी स्वतः पातेलं नेलं. खरंच द्यायला नेलं होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. पण आदल्या वर्षीचा प्रकार सगळ्या मंडळीला माहीत होता, कुणी बोलीच लावेना. शांतवनचे वडील मला हसून म्हणाले, "बोला सिस्टर, तुमचंच आहे ते." मी बोलले. मोकळी झाले. त्यानंतर ते लागूनच गेलं. संप कधी मिटला हे कुणालाच नीट सांगता आलं नाही, यांनी एका गोदामात वॉचमनकी धरली, आत्याबाई गेल्या, मग हे गेले, मिलच्या जागी काचेचे टॉवर आले, आणि दरवर्षी एका रविवारी मी पातेलं नेऊन देवाला दिलं आणि दुपारी जेवायच्या आत परत आणलं.

"साडेसहाशे एक वार," शांतवन म्हणाला. फार हळू म्हणाला. माझ्याकडे बघत होता.

"बोल ना गं," बेबी कुजबुजली. "चाललं तुझं पातेलं."

"कोण आहे ती?"

"अपेक्षा. नवऱ्याची कंपनी बंद पडली, हितेंद्र की काय नाव त्याचं. ही डबे करते, ऑर्डरी घेते. तू बोल, तिचं काय, ती दुसरं घेईल."

मागे तो हितेंद्र दबक्या आवाजात म्हणत होता, "अगं, पुरे आता." आणि ती म्हणाली, तिला वाटलं कुणाला ऐकू जात नाही, "अहो, पंचवीस माणसांचा भात बसेल त्यात. आणि हंगामाला काहीतरी घ्यायचंच होतं ना? इथे घेतलं की तेही झालं."

माझं बोट पर्सच्या चेनवर होतं. हजार म्हटलं असतं तर ती गप्प बसली असती. ते मला माहीत होतं, तिच्या नवऱ्याला माहीत होतं, सगळ्या मांडवाला माहीत होतं. जानेवारीत आमची चाळ रिकामी करायची आहे. नवी इमारत तीन वर्षांत म्हणतात, मी त्र्याहत्तरची आहे. तोवर वडाळ्याला भाड्याची एक खोली घेतली आहे, खिडकीतून रेल्वेचं यार्ड दिसतं. अनुजा म्हणते, माहीमला ये, पण त्यांच्या घरात त्यांनाच वळायला जागा नाही. सामानाची यादी केली तेव्हा मी पहिल्या ओळीत पातेलं लिहिलं होतं. त्या खोलीत आधी ते ठेवायचं, मग बाकीचं, असं मनात धरलं होतं. गॅस नसला, पाणी नसलं तरी ते कोपऱ्यात असलं की झालं. आता चेनवर बोट ठेवून बसल्यावर मला एकदम दिसलं की मी हे ब्याऐंशीतच ठरवून बसले होते. कपाटावर शेवटचं काहीतरी असलं की झोप येते. देव होताच, त्याला मी नाही कधी म्हटलं नाही. पण झोप मला पातेल्याने लागत होती.

"दोन वार," शांतवन म्हणाला. "सिस्टर?"

तो मला एरवी बाई म्हणतो. सिस्टर त्याचे वडील म्हणत. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणून. त्याला कळलं नाही, मला पुन्हा हलवावी लागली. बेबीने माझं मनगट सोडलं. "तीन वार," तो म्हणाला आणि पातेलं लोकांच्या डोक्यांवरून हातोहात मागे गेलं. मी भीतीची वाट पाहत बसले. ती येणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तशी बसून राहिले, पाय खुर्चीच्या दांडीवर. समोर मांडवाचा पडदा हलत होता. कुणाच्या तरी बरणीतून कैरीच्या लोणच्याचा वास येत होता आणि मला भूक लागली होती. बस, एवढंच होतं.

नंतर केळ्यांचा एक घड राहिला, जास्त पिकलेला, कुणी बोलेना. मी पाचशे म्हटलं.

"बाई, पाचशेत बाग येते केळ्यांची," शांतवन म्हणाला.

"तू तीन वार म्हण, मुकाट्याने."

लोक खूप हसले. बेबी म्हणाली, "हिला आता केळ्यांचं लागलं, पुढच्या वर्षी हाच घड आणेल." मी लिफाफा देऊन टाकला आणि घड तिथेच सोडला, येईल त्याला केळं. न्यायला काही ठेवायचं नव्हतं. मुलं आली, पाळकसाहेब आले, हितेंद्र लाजत आला आणि दोन घेऊन गेला. मग अपेक्षा आली. पातेलं तिने कमरेवर घेतलं होतं, मी घ्यायची तसंच. तिला कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं, चेहरा पडला होता.

"आजी, मला माहीतच नव्हतं हो. मला आत्ता सांगितलं त्यांनी. तुम्ही घ्या ना परत, मी उगाच..."

"भात करतेस ना ऑर्डरचा?"

"हो. पुलाव, बिर्याणी. टोप पुरत नाहीत."

"मग आधी कल्हई लावून घे. वर्षानुवर्षं केलेली नाही. चिंचपोकळीला पुलाखाली एक म्हातारा अजून बसतो, मी नेईन तुला."

ती हसली. पण पातेलं तिने तिरपं केलं आणि काठाखाली बोट फिरवलं, हळूच. "यावर नाव आहे कुणाचं तरी," ती म्हणाली. "हे पुसायचं की ठेवायचं? तुम्ही म्हणाल तसं."

मी तोंड उघडलं ते ठेव म्हणायला. माझ्या ओठांवर तेच होतं. आणि मी म्हणाले, "माझं मी दिलं गं. हे आता तुझं आहे."

माझ्याच कानांवर ते शब्द आले आणि मी तिथे केळ्याचं साल हातात धरून उभी राहिले. तेच शब्द, तोच सूर. त्रेचाळीस वर्षं मी तो सूर टोमण्याचा धरून बसले होते. आत्याबाई चुलीकडे वळल्या त्या रागाने नव्हे, भात करायची वेळ झाली होती म्हणून. त्यांच्या मनात काही उरलेलंच नव्हतं. दिलेलं दिलं होतं आणि त्या हलक्या झाल्या होत्या, आणि मी त्यांच्या पाठीकडे पाहत सगळं ओझं कमरेवर घेऊन उभी होते.

"मग राहू दे नाव," अपेक्षा म्हणाली. "पाणी कुठवर ठेवायचं ते कळेल."

"नावाच्या खाली," मी म्हटलं.